थोलापंपाची थुंकी

थोलापंपात दातांचा नवा डॉक्टर आला आणि पहिल्याच आठवड्यात घरोघर बायकांकडे थुंकी मागत फिरू लागला.

गावाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. थुंकी ही थोलापंपाची खासियतच होती. दरीतल्या बाकीच्या गावांनी मक्याला मोड आणून चिचा, म्हणजे मक्याची दारू, गाळायला सुरुवात केल्याला जमाना लोटला होता, पण थोलापंपात सांता अपोलोनियाच्या सणाची चिचा अजून जुन्या रीतीनेच बनायची. बायका मक्याच्या पिठाचा गोळा तोंडात टाकायच्या, जिभेने घोळवून घोळवून लाळेत भिजवायच्या, टाळूवर दाबून बसवायच्या आणि अंगठ्याने अलगद बाहेर काढायच्या. तो झाला मुको. त्याच्यावर टाळूचा घुमट आणि वरच्या हिरडीची कमान अशी उमटायची की उन्हात कापडावर वाळत घातलेले मुको बघून परगावचा माणूस दचकायचा. अख्ख्या पंचक्रोशीच्या कवळ्या कुणी धुऊन वाळत टाकल्यात, असंच वाटायचं. वाळलेले मुको मग गरम पाण्याच्या रांजणात जायचे. लाळेने पीठ गोड होतं, गोडाची चिचा होते, आणि चिचा पोटात गेली की गावातल्या पुरुषांना आपल्याला नाचता येतं असं वाटू लागतं.

या सगळ्या थुंकीची राणी म्हणजे दोन्या एर्मिनिया बेइसागा. ती पहिली मुकेरा, मुको चघळणाऱ्यांची म्होरकी. सणाचा पहिला गोळा तिच्या तोंडात, मिरवणुकीत संतिणीच्या पाठोपाठ ती, आणि चिचाचा पहिला भोपळ्याचा वाडगा, पहिली तुतुमा, भरायची तीही तिनेच. तिच्या आधी हा मान तिच्या आईचा होता, त्याआधी आजीचा. या मानापुढे एर्मिनियाला नवरा, मुलगा, दोन गायी सगळं दुय्यम होतं. नवरा हयात असताना तिने हे त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

मानाला अट एकच. सांता अपोलोनिया ही दातांची संतीण. देवळातल्या मूर्तीच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात. तेव्हा तिच्या सणाचा मुको चघळणाऱ्या बाईचे दात स्वतःचे हवेत, असा गावाचा दंडक. तो कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोडायचीही कुणाची छाती नव्हती.

आणि एर्मिनियाच्या वरच्या ओळीत स्वतःचा म्हणावा असा एकही दात उरला नव्हता.

होते ते एकेक करून गेले. शेवटचा गेला तेव्हा ती भाचीच्या बाळंतपणाला जाते असं सांगून शहरात गेली. भाचीचं लग्नच झालेलं नव्हतं हे गावाच्या लक्षात आलं नाही, हे तिचं नशीब. मोठ्या बाजारामागच्या गल्लीत एक कवळ्या करणारा कारागीर बसे. त्याच्याकडे दातांची एकच तऱ्हा मिळायची, पांढरीशुभ्र, सरळ, महापौराच्या फोटोत असते तशी. तीच तो ज्याच्या त्याच्या टाळूवर बेतून द्यायचा. एर्मिनिया ती घालून हसत परत आली. गाव म्हणालं, शहराची हवा मानवली.

पण कवळी घालून मुको जमेना. टाळूच झाकलेली, पीठ चिकटणार कशाला? म्हणून चघळायच्या वेळी ती कवळी काढून एप्रनच्या खिशात टाकायची. कुणी पाहू नये म्हणून तिने एक नवी जुनी रीत शोधून काढली. "माझी आजी भिंतीकडे तोंड करून चघळायची," ती एकदा गंभीरपणे म्हणाली. "संतिणीची भक्ती अशी चारचौघींत बसून होत नाही." गंमत म्हणजे एकाही बाईने फाटे फोडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुकेरा आपापली भिंत धरून बसल्या. एर्मिनियाला वाटलं, काय ही श्रद्धा! त्या जोरावर तिने आणखी एक रीत ठोकून दिली, की चघळणारं तोंड सणाआधी परक्या माणसापुढे उघडायचं नाही. तीही बायकांनी डोक्यावर घेतली.

डॉक्टर लिंबेर्त ओबांदो या रीतीतच अडकला. पोरगा गुणी होता, फक्त जरा जास्त शिकलेला. गावातल्या म्हाताऱ्या त्याला डॉक्टरबाळ म्हणायच्या.

"बरं, तोंड नका उघडू," तो म्हणाला. "वरचा ओठ तेवढा उचला, दोन्या एर्मिनिया."

तिने चिमटीत धरून ओठ उचलला. डॉक्टर बघतच राहिला.

"या वयात! एक डाग नाही, एक कीड नाही! आणि दोन्या नेमेसियाचेही असेच. शेजारच्या दोघींचेही. तुम्ही सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या का?"

"लांबून लांबून," एर्मिनिया म्हणाली आणि ओठ सोडला.

"मला वाटलंच होतं. हे सगळं लाळेचं काम आहे. दिवसभर चघळता, दिवसभर लाळ सुटते. आणि लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे हं. तिच्यात कॅल्शियम असतं, फॉस्फेट असतं. दाताला बारीक चीर गेली की ही खनिजं जाऊन बसतात आणि ती बुजवतात. गवंडीकामच म्हणा ना. शिवाय खाल्ल्यावर तोंड आंबतं, तो आंबटपणा मारणारा सोडाही लाळेतच. हे सगळं विरघळलेलं असतं, आयनांच्या रूपात. म्हणजे विजेचा भार असलेले कण."

"थुंकीत वीज?" शेजारी बसलेली दोन्या नेमेसिया ओरडली. "तरीच ही बोलली की मला झटका बसतो!"

"तुला मत्सराचा झटका बसतो, कोमाद्रे," एर्मिनिया म्हणाली. "त्याचा तारेशी काही संबंध नाही."

नेमेसियाला पहिली मुकेरा व्हायचं होतं. तिला ते जन्मल्यापासून व्हायचं होतं.

डॉक्टरने काचेच्या नळ्या वाटल्या. "तासभर काही खायचं नाही, प्यायचं नाही, मग यात थुंकायचं. शहरातल्या प्रयोगशाळेत तपासून घेतो."

एर्मिनियाने सूचना तंतोतंत पाळली. तासभर तिने अन्नाला शिवलं नाही की पाण्याला. गालात कोकाची पानं आणि राखेचा खडा होता, पण ते काही खाणं नव्हे आणि पिणंही नव्हे. ते गालात असणं असतं. किन्वाच्या काड्या जाळून, मळून केलेला तो खडा तिच्या गालात तरुणपणापासून मुक्कामाला होता. तिने रीतीप्रमाणे पहिला थेंब जमिनीला दिला, पाचामामाचा, धरणीमातेचा, वाटा म्हणून, आणि बाकीची नळी काठोकाठ भरली.

आठवड्याने डॉक्टर धापा टाकत आला. "दोन्या एर्मिनिया! प्रयोगशाळेवाल्यांनी यंत्र दोनदा तपासलं. तुमच्या लाळेत इतकी खनिजं आहेत की त्यांना वाटलं मी गावच्या विहिरीचं पाणी पाठवलं! आता सणाच्या दिवशी देवळापुढे मी भाषण करणार. तुमच्या दातांचा फोटो काढणार, मोठा, हसरा. दरीतल्या प्रत्येक दवाखान्यात लागेल!"

एर्मिनियाला आनंद झाला, तो तिने लपवला नाही. नेमेसियाचं तोंड आंबलं, आणि ते मारायला लाळेतला सगळा सोडा अपुरा पडला.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

सणाला थोडे दिवस उरले असताना, दुपारच्या उन्हात, एर्मिनिया भिंतीकडे तोंड करून चघळता चघळता पेंगली. खिशातली कवळी मांडीला टोचत होती म्हणून तिने ती काढून बाजूच्या कापडावर ठेवली होती. त्याच कापडावर मुको वाळत होते. जाग आली तेव्हा कापड रिकामं होतं. सून नोएमी सगळं आवरून, वर पिठाचा हात फिरवून, पोत्यात भरून मोकळी झाली होती.

"मामीता, उठवलं नाही तुम्हाला," नोएमी आतून म्हणाली. "अर्धे रांजणात टाकले. छान निघालेत यंदाचे. एक तर इतका सुबक होता, म्हटलं मामीताच्या तोंडाला तोड नाही!"

एर्मिनियाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्यासारख्या बाईच्या तोंडचं पाणी पळणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

नोएमीला विचारावं तर पंचाईत. पोरगी मनाने चांगली, पण तिच्या पोटात गोष्ट राहायची नाही. सकाळी सांगावं आणि दुपारी पुनाताच्या बाजारात कांदेवालीने आपल्याला दातांची खुशाली विचारावी. तेव्हा नोएमी पाणी आणायला गेल्याबरोबर एर्मिनियाने बाही खांद्यापर्यंत चढवली आणि रांजणात हात घातला. पहिल्या रांजणाचा तळ लागला, हाती पिठाचा चिखलच आला. दुसऱ्यात एक लाकडी चमचा सापडला, जो गेल्या सणापासून हरवला होता आणि ज्याच्यावरून तिने नोएमीला चोर ठरवलं होतं. दात कुठेच नव्हते. पोत्यात शोधावं, तर उरलेलं पोतं देवळात पोचतं झालेलं.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. दातांसाठी नाही. आईने जाताना तिचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "पहिली तुतुमा सोडू नकोस." आणि आता ती तुतुमा नेमेसियाच्या हातात जाणार होती.

त्या दिवसापासून एर्मिनियाने शाल नाकापर्यंत ओढली आणि बोलणंच बंद केलं. तोंड उघडलं की शब्दाऐवजी वारा निघत होता. कुणी विचारलं की ती डोळे वर करून आकाशाकडे बोट दाखवायची. गाव म्हणालं, मौनव्रत धरलंय, सणासाठी! काय ती निष्ठा! हे ऐकून नेमेसियाने संध्याकाळच्या आत स्वतःचंही मौनव्रत जाहीर केलं. जाहीर करायला तिला बरंच बोलावं लागलं.

सण उजाडला. ब्रास बँड वाजला, फटाके फुटले, सांता अपोलोनिया फुलांच्या पालखीतून गावभर हिंडून देवळाच्या पायरीवर टेकली. एर्मिनिया तिच्या पाठोपाठ होती, शाल नाकावर. पालखीपुढे मोठ्या ताटात निवडक मुकोंची रास मांडली होती. मिरवणूक संपली की त्यातला एकेक घरोघर द्यायचा, चुलीवर टांगायला. वाटायचं काम यजमानाचं. यंदाचे यजमान ताता फिदेन्सियो, गावातले सगळ्यांत गंभीर गृहस्थ. ते जोकही असे सांगायचे की लोक टोप्या काढायचे.

"पहिला मान पाहुण्याला," ताता फिदेन्सियो म्हणाले आणि राशीतला सगळ्यांत देखणा मुको उचलून त्यांनी डॉक्टरच्या तळहातावर ठेवला.

डॉक्टरला भरून आलं. तो पायरीवर चढला.

"थोलापंपाच्या आयांनो आणि बायांनो! आल्या दिवसापासून मी तुमची थुंकी झेलतो आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मला विचाराल तर लाळेसारखं औषध नाही. पुरावा? हा बघा पुरावा!" त्याने मुको उंच धरला. "ही बघा दातांची कमान! कुठे खिंडार आहे? कुठे कीड आहे? किती स्पष्ट ठसा आहे, अगदी एकेक दात वेगळा, अगदी..."

बोलता बोलता त्याने अंगठ्याने वरचं पीठ पुसलं. खालून गुलाबी रंग निघाला. त्याने आणखी पुसलं. सूर्यप्रकाशात दात चकाकले, पांढरेशुभ्र, सरळ, महापौराच्या फोटोतले.

"...अगदी खरा," डॉक्टर म्हणाला आणि थांबला.

आणि मग एर्मिनियाला ते दिसलं. ती शालीतून सगळ्यांकडे बघत होती म्हणूनच दिसलं. नेमेसियाचा हात हळूच तोंडाशी गेला आणि आत काहीतरी चाचपून खाली आला. तिच्या शेजारणीचाही गेला. त्यामागच्या रांगेत एकदम पाचसहा हात वर गेले. बँडमधला तुतारीवाला वाद्य खाली ठेवून गाल दाबू लागला. सगळीकडून टक्, टक्, टक् असा बारीक आवाज येत होता, जिभेने काहीतरी जागेवर आहे ना हे बघितल्यासारखा. आपली जागेवर आहे हे कळल्यावर प्रत्येकजण जोराने आश्चर्य करू लागला.

"कुणाची गं बाई ही?" "देवा रे, खोटे दात! आमच्या गावात!"

सगळ्यांत मोठ्याने नेमेसिया ओरडली, मौनव्रतासकट. "मुको जुळवून बघा! प्रत्येकीचा मुको वेगळा असतो. ज्या मुकोवर ही टोपीसारखी बसेल, त्या बाईची!"

ताता फिदेन्सियोंनी मान हलवली आणि ताटातला एक मुको उचलला. एर्मिनियाने तो लांबूनच ओळखला. स्वतःची टाळू माणूस विसरत नाही. ती पुढे झाली आणि शाल खाली ओढली.

"राहू द्या, ताता," ती म्हणाली. शब्द वाऱ्यावर स्वार होऊन आले, पण सगळ्यांना कळले. "माझी आहे."

नोएमी किंचाळली. डॉक्टरने आपल्या फोटोच्या कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि तो पिशवीत ठेवला.

"दोन्या एर्मिनिया," ताता फिदेन्सियो खोल आवाजात म्हणाले, "तुला दंडक माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग पहिली तुतुमा..."

नेमेसियाने हात पुढे केलाच होता. एर्मिनियाला आई आठवली, आणि आईकडे बघायची सोय नव्हती म्हणून तिने संतिणीकडे बघितलं. इतकी वर्षं ती पालखीच्या पाठोपाठ चालली होती, त्यामुळे तिने संतिणीची पाठच जास्त पाहिली होती. आज पहिल्यांदा तिने तोंड नीट पाहिलं. लाकडातले ते ओठ आत गेलेले होते, गाल बसलेले होते. असे ओठ एर्मिनियाने गेले काही दिवस रोज सकाळी पाण्याच्या घंगाळात पाहिले होते.

"ताता," ती हळू म्हणाली, "हिच्या चिमट्यात दात आहे, तो कुणाचा?"

"हा काय प्रश्न झाला? तिचाच. सैतानांनी पाडला."

"एकच पाडला?"

"सगळे पाडले मेल्यांनी! म्हणून तर ती संतीण."

"मग हिच्या तोंडात किती आहेत?"

ताता फिदेन्सियो वाकून मूर्तीच्या ओठांकडे बघू लागले.

"बोळकं आहे हो तिचं!" एर्मिनिया म्हणाली, आणि आता तिला पुन्हा रडू येत होतं, पण रागाचं. "त्या बिचारीचं पार बोळकं आहे, आणि आपण दरवर्षी तिच्या पुढ्यात येऊन दात मिरवतो! म्हणतो, ज्यांना दात आहेत त्यांनीच तुझी सेवा करायची. तिला काय वाटत असेल?"

बँडवाला खोकला. ताता फिदेन्सियोंनी टोपी काढली, दोन बोटं तोंडात घातली, आणि टक् करून आपली कवळी काढून ताटात ठेवली.

"आई, चुकलं," ते मूर्तीला म्हणाले. तेही वाऱ्यावरच.

त्यानंतर काही आवरेना. शेजारणीने ठेवली, तुतारीवाल्याने ठेवली, मागच्या रांगेने एकमेकींना ढकलत ढकलत ठेवल्या. सगळ्यांत शेवटी, संतिणीकडे न बघता, नेमेसियाने ठेवली.

"कधीपासून गं?" एर्मिनियाने विचारलं.

"तू भिंतीकडे तोंड करायला लावलंस त्याच्या आधीच्या सणापासून," नेमेसिया पुटपुटली. "देवासारखी धावून आलीस, कोमाद्रे."

डॉक्टर पायरीवर बसला होता. त्याच्या पुढ्यात ताटभर त्याचा आजवरचा अभ्यास ओळीने हसत होता.

पहिली तुतुमा एर्मिनियानेच भरली. नेमेसियाने रांजण तिरका धरला. त्या वर्षीची चिचा जितकी चढली तितकी आधी कधी चढली नव्हती, आणि अख्खं गाव नाचलं, बोळक्या तोंडाने गात. दुपार कलली तेव्हा लक्षात आलं की सगळ्या कवळ्या एकाच कारागिराच्या हातच्या, आणि आता कुणाची कोणती ते सांगता येत नाही. ताता फिदेन्सियोंनी भलतीच घातली होती आणि ते प्रथमच हसऱ्या चेहऱ्याचे दिसत होते. मग डॉक्टरलाच कामाला बसवलं. एका हातात मुको, एका हातात कवळी, असं एकेक जुळवत तो बसला; पुरुषांना त्यासाठी ताजा गोळा टाळूवर दाबायला लावला. शिक्षणाचा त्याला पहिल्यांदाच असा सरळ उपयोग झाला.

एर्मिनियाची कवळी देताना तो म्हणाला, "माझं सगळं संशोधन बुडालं, दोन्या. पण एक सांगा, थुंकी तरी तुमचीच होती ना? ती खनिजं तरी खरी?"

त्याचा चेहरा इतका पडला होता की एर्मिनियाला त्याची दया आली.

"माझीच, बाळा. दात विकत आणले, थुंकी कुठून आणू?"

"मग पुन्हा एक नमुना द्याल? खातरजमेसाठी. तासभर काही खाल्लं नाही ना? प्यायलं नाही ना?"

"चिचा प्याले. पण ती देवाची."

डॉक्टरला तेही चालण्यासारखं वाटलं. त्याने स्वतःही बरीच घेतली होती. त्याने पिशवीतून नवी नळी काढली. एर्मिनियाने पहिला थेंब जमिनीला दिला, नळी भरली आणि ओठ पुसले. गालातला राखेचा खडा मात्र तिने सांता अपोलोनियालाही दाखवला नाही.